डाळिंबावरचं प्रदर्शन

ब्रश पुसायला बाजारातून फडकी आणायची, एवढं साधं काम होतं. पण मी माधवीच्या पेटीतल्या जुन्या साड्या फाडल्या. (बायकोच्या साड्यांना हात लावणाऱ्याचं पुढं काय होतं, हे एम.एस्सी.ला शिकवत नाहीत.)

मी बारामतीला मृदाशास्त्रात एम.एस्सी. केलं, पहिल्या वर्गात पास झालो आणि पेढे वाटता वाटताच घरात जाहीर केलं की मी आता चित्रकार होणार. आईनं तोंडातला पेढा तसाच धरून ठेवला. माधवीनं मात्र शांतपणे अट घातली.

"दिवाळीपर्यंत एक तरी ऑर्डर आणा. नाहीतर आमच्या दादाच्या खताच्या दुकानात बसा."

मेहुण्याच्या गल्ल्यामागं मी युरिया विकतोय, या कल्पनेनंच मला घाम फुटला.

दिवाळी तोंडावर आली तेव्हा कुठं नशीब हललं. डाळजजवळ हायवेला नवं हॉटेल काढणारे विजयसिंह चित्रं बघायला निमगाव केतकीला, आमच्या घरी यायला निघाले. मी सगळे कॅनव्हास पडवीत टांगले आणि गावात दाढी करायला गेलो. (कलावंतानं दाढी ठेवावी की करावी, यातच निम्मी सकाळ गेली होती.)

परत येतो तर पडवी रिकामी!

"आई, माझी चित्रं कुठायत?"

"कंची? ती डाग पडल्याली कापडं व्हय? झाडावर घातली."

"झाडावर?"

"मग काय करू बाबा? डाळिंबं उन्हानं करपाय लागली. दर साली जुन्या साड्या झाडांवर घालती मी. औंदा पेटी उघडली तर एक बी साडी न्हाय!"

माधवीनं माझ्याकडं पाहिलं. मी छताकडं पाहिलं.

धावत बागेत गेलो. 'उदास संध्याकाळ' उलटी लोंबत होती आणि 'माझं अंतरंग'वर एक कावळा बसला होता. मी त्याला हुसकावतोय तोच विजयसिंहांची गाडी बांधाला लागली.

"हितंच लावली व्हय चित्रं? झ्याक!"

"हो, निसर्गाच्या सान्निध्यात," मी म्हणालो. (खोटं बोलताना माझी मराठी फार शुद्ध होते.)

ते झाडाझाडापाशी थांबत चालले. 'माझं अंतरंग'समोर मात्र रेंगाळले. मान तिरकी केली, जवळ गेले, कॅनव्हासची कड उचलून आत डोकावले.

"ऋषिराव, काय रंग हाय हो!"

"महिनाभर खपलोय त्याच्यावर," मी लाजून म्हणालो.

"डाळिंबाचं म्हणतोय मी. कुठं चट्टा न्हाय उन्हाचा." त्यांनी कापड बोटांत चोळून पाहिलं. "माझी बी बाग हाय. असली पन्नास द्या."

"पन्नास चित्रं?" माझा आवाज चिरकला.

"चित्रं नकोत. कोरीच द्या. रंगवत बसू नका, तुमाला बी ताप आन् मला बी उशीर."

गाडी गेली. मागं माधवी पदर तोंडाला लावून उभी होती. हसू आवरल्यावर म्हणाली, "ऑर्डर ती ऑर्डर. शब्द दिलाय मी, आता दुकानात जाऊ नका."

मला मनापासून आनंद झाला, हे सांगायला लाज वाटते. घरानं मला रीतसर चित्रकार मानलंय. अट एवढीच की चित्रं काढायची नाहीत.