घर्षण वापस द्या, मास्तर

आमच्या शेजारचे मास्तर कोनाच्या घरी गेले का आवाज देत नसत. पयले दाराले धक्का देत, मंग कडी धरून दार आपल्याकडे वढत, अन् मंग भाईरूनच ईचारत, "सांगा, आत्ता दारावर कोणकोणतं बळ लागलं?"

पयल्यांदा असं झालं तवा मी घरात एकटी, कडेवर तान्ही पोरगी. मले वाटलं चोर हाय, नाईतं येडा हाय. पोरीले पदराखाली घेतलं अन् जात्यामांगं जाऊन बसली, बसली थे बसलीच. भाईरून आवाज, "घाबरू नका, सोपं आहे! एक ढकलणं आणि दुसरं?" मी कायले बोलतो! शेवटी त्याईनंच सांगतलं, "ओढणं. शाब्बास!" अन् निंघून गेले. कायच्यासाठी आले होते, थे मले आजबी ठाऊक नाई.

मी बार्शीटाकयीची. मराठी तिसरीत शाया सुटली, लगन झालं, अन् अमरावतीले राजापेठेत येऊन पडली. इंग्रजाचं राज होतं, आमचे हे कापसाच्या जिनात कामाले. एका खोलीचं बिऱ्हाड. मधात लाकडी फयाईची भित, अन् भितीपल्याड मास्तर. थे पुन्याकडचे, मिडल शायेत शास्त्र शिकवत, एकटेच राहत. बोलनंबी छापल्यासारखं.

त्याईच्या डोक्यात एकच गोष्ट, घर्षण. एक वस्तू दुसरीवर घासली का जे तिले अडवते थे घर्षण. हे मले कोनी शिकवलं नाई. मास्तर शायेचा धडा घरी मोठ्यानं म्हनून पाहत, भित पातय, मंग माह्याबी कानात सारी सहावी झाली. त्याईच्या वहानेच्या तयाले चाकूनं आडव्या रेघा पाडल्या होत्या, चिखलात पाय घसरू नये म्हनून. आता आपला काया चिखल! त्या रेघाईत असा गच्च बसे का मास्तर हत्तीवानी एकएक पाय उचलत घरी येत अन् म्हनत, "इतकंही घर्षण नको होतं!"

एक दिवस शायेतले पोट्टे आंगनात आनले. दोन फया मांडल्या. एक कोरडी, एकीले एरंडीचं तेल चोपडलेलं. ईटेले सुतई बांधून पोट्टे वढून रायले. "कोणती सोपी?" "तेलाची, गुरुजी!" तेवढ्यात घरमालकीन काकू कुरोड्याईचं सूप घेऊन आल्या, अन् पाय नेमका तेलाच्या फयीवर. काकू सुर्रकन गेल्या थ्या थेट तुयशीपासी जाऊन बसल्या, कुरोड्या साऱ्या आंगनात. पोट्टे दोन पावलं मांगं सरकले. मास्तर मात्र टाया वाजवून रायले, "पाहा! काकूंना कोणी अडवलं? कोणीच नाही! काकू, उत्तम घसरलात. पुन्हा एकदा दाखवता?"

काकू मास्तरले काई म्हनू शकत नोत्या, थे जुने भाडोत्री, मानाचे. सारा राग निंघाला माह्यावर. "आयक व पोरी. तुह्या पोरीच्या पायन्याची करकर, तिचं रडनं. मास्तरनं एक शबुद तक्रार केली का खोली खाली. समजलं?"

घ्या आता! खोली गेली तं जाव कुठं? तान्ह्या लेकरावाल्याले राजापेठेत कोनी दारात उभं करत नोतं. तवापासून भितीपल्याड मास्तर खोकलले तरी माह्या हातातली पायन्याची दोरी थांबे.

उनाया लागला, शाया सकायची झाली. एका दुपारी दाराले धक्का बसला, मंग दार वढल्या गेलं. मास्तर. "सूनबाई, तुमचा पाळणा करकरतो."

म्या पायना धरला. "हाव जी, बंद करतो जी, पोरगी लहान हाय जी, काकूले नोका सांगू जी..."

"काकूंचा काय संबंध? हे शास्त्र आहे!" अन् स्टुलावर चढून आढ्याच्या आकड्याले, पायन्याच्या कड्याईले एरंडीचं तेल सोडलं. "द्या झोका." म्या देला. काईच आवाज नाई. पायना पान्यातल्या मासोयीवानी जाये अन् ये. मास्तर खुश होऊन गेले.

पोरगी डोये वटारून वर पाहे. तिले करकरीबिगर झोपाची सवयच नोती! मंग अशी रडली, अशी रडली का दम लागून तोंड कायंनियं झालं. रोज दुपारी तेच. काकू समोरच्या खिडकीतून बोट दाखवत. राती मी आमच्या याईले म्हनलं, "तुमी सांगा ना मास्तरले."

"तूच सांग."

"मले भेव लागते."

"मले का लागत नाई?"

शेवटी पोरीले खांद्यावर टाकलं अन् मीच गेली. तोंडातून निंघालं, "मास्तर, माह्या पोरीचं घर्षण वापस द्या!" अन् मले रडूच फुटलं.

मास्तर उठले. मंग शेगडीतली राख घेऊन माह्यामांगं आले, चिंधीनं तेल पुसलं, कड्याईले राख चोयली. म्या दोरी वढली. करर... कुरर... पोरीनं हुंदका देला अन् डोये मिटले.

"सूनबाई," मास्तर हयूच म्हने, "मी सहावीला अर्धाच धडा शिकवला."

तेवढ्यात काकू दारात. "मास्तर, लय तरास झाला ना तुमाले? बोला, आजच खोली खाली करवतो."

मी दोरी घट्ट धरून उभी.

"झाला," मास्तर म्हने. "फार झाला. ही करकर बंद होती, तितक्या दुपारी माझा डोळा लागला नाही. यांना घालवायचं असेल तर आधी माझी खोली खाली करून घ्या."

काकू तोंड वाकडं करून गेल्या. मले वाटलं, आपल्याले वाचवाले मास्तर खोटं बोलले.

दुसऱ्या दुपारी पोरीले झोपवलं अन् वाटीभर आमरस घेऊन त्याईच्या दारात गेली. दार अर्धंच लोटलेलं. खोलीत टेबल, पुस्तकं सारी खिडकीपासी, हवेच्या जागी. खाट मात्र आमच्या भितीले चिटकून, जिथं वाऱ्याची झुयूक नाई. मास्तर घामानं ओलेचिंब, डोकं भितीच्या फयीले टेकलेलं. पायना थांबला होता, तं थे झोपेतच कूस बदलून रायले होते, या अंगावर, त्या अंगावर.

म्या वाटी तिथंच ठेवली अन् पयत घरी आली. पोरगी गाढ झोपली होती, तिले झोक्याची गरजच नोती.

म्या दोरी हातात घेतली, अन् वढत रायली.