राणीच्या मानेवरची सावली

मोहोळच्या बाजारात एका सोनारानं आजीचा चांदीचा रुपया शहाबादी फरशीवर टाकला. खण्ण! धोंडीराम तेव्हा सहा वर्षांचा होता. तो आवाज कानात घेऊन तो घरापर्यंत चालत गेला आणि पुढं जन्मभर त्या आवाजामागं हिंडला. सोलापुरात एका शाळेत शिपाई म्हणून त्यानं तीस वर्षं घंटा दिली, पण (हे मुख्याध्यापकांना कधी कळलं नाही) घंटेपेक्षा त्याला रुपयाच गोड वाटायचा.

नोकरी सुटल्यावर तो जुने रुपये पुड्या बांधून डब्यात जमवायला आणि भिंग घेऊन त्यांतल्या चुका शोधायला लागला. लोक नाण्यात चांदी बघतात, हा खोट बघायचा. त्याची सगळ्यात लाडकी खोट म्हणजे ठशावर ठसा आदळणं. टाकसाळीत एक ठसा वर, एक खाली, आणि मध्ये चांदीची चकती. कधी चकती ठेवायचीच राहिली, तर दोन्ही ठसे एकमेकांवर आपटतात. मग पुढं छापलेल्या रुपयावर राणीच्या मानेजवळ मागच्या बाजूच्या वेलबुट्टीची पुसट सावली उठते. (संसारातही मध्ये काही नसलं की असंच होतं, असं धोंडीरामचं मत होतं. ते त्यानं बायकोला सांगितलं नव्हतं.)

ही सावली त्याला गुढीपाडव्याला दिसली, ती नेमकी देव्हाऱ्यात ठेवलेल्या, बायकोच्या म्हणजे सारजाबाईच्या, रुपयावर.

हा रुपया सारजाबाईच्या आजीचा, १८६२ सालचा. तिच्या माहेरच्या प्रत्येक बाळाची पहिली खीर याच रुपयानं चाटवलेली. आज रविवारी लेकीच्या, संस्कृतीच्या, मुलीचं उष्टावण होतं. व्याही पुण्याहून आले होते. मुहूर्त साडेअकराचा.

आणि सकाळी साडेनऊला धोंडीरामनं रुपया खिशात टाकला. सात रस्ता चौकात मायाप्पाचं घड्याळदुरुस्तीचं दुकान, मायाप्पालाही हाच नाद. तासाभरात दाखवून परत ठेवायचा. कुणाला कळतंय?

मायाप्पानं भिंग लावलं. "लई झ्याक सावली पडलीया की, धोंडीबा!" म्हणत कौतुकानं आपलेही दोन रुपये फडक्यावर काढून ठेवले. तेही १८६२ चेच. तेवढ्यात चहा आला. धोंडीरामनं उत्साहानं हात हलवला, कप आडवा झाला, मायाप्पानं घड्याळांची चाकं वाचवायला फडकं उचललं, आणि तिन्ही रुपये फरशीवर. खण्ण, खण्ण, खण्ण.

"घाबरू नगा," मायाप्पा म्हणाला. "सावलीवाला त्यो तुमचा."

धोंडीरामनं पहिला बघितला. सावली नव्हती. दुसरा बघितला, सावली होती. जिवात जीव आला. सहज म्हणून तिसरा बघितला.

सावली होती.

"मायाप्पा, तुझ्यावरबी हाय की रं!"

"असंल. ठसाच लागलाय म्हटल्यावर म्होरला हरेक रुपया तसाच निघणार. ह्यो काय एकट्याला झालेला गोवर हाय व्हय?"

"मग माजा कुठला?"

"कुठलाबी न्या. चांदी सारकीच."

धोंडीरामच्या कानशिलावरून घाम ओघळला. त्यानं काठ बघितले, वजन केलं, दोन्ही वाजवून बघितले. दोन्ही सारखेच खणखणले. एवढ्यात फोन. संस्कृती.

"आबा, कुटं हाय तुमी? खीर झाली. आई वाट बघतीया."

"रुपयाबद्दल काय म्हणाली का?"

"कसला रुपया?"

"काय न्हाय. आलोच!"

त्यानं डोळे मिटले, सिद्धेश्वराचं नाव घेतलं आणि एक उचलला. रिक्षात मूठ उघडून बघायचं धाडस झालं नाही. राणी आपल्याकडं बघेल असं वाटत होतं.

घरी पाट मांडलेला, मामा म्हणून धोंडीरामचा मुलगा अभिमन्यू बाळाला मांडीवर घेऊन बसलेला. सगळ्यांची नजर चुकवून धोंडीरामनं रुपया तबकात सरकवला. सारजाबाईनं तो उचलला, उलटा केला, सुलटा केला. अंगठा काठावरून सावकाश फिरवला. आजीचा, आईचा, स्वतःचा अंगठा जणू एकदमच फिरत होता. धोंडीरामला ते बघवेना.

"सारजे, थांब!" तो व्याह्यांसमोरच ओरडला. "त्यो तुजा न्हवं... म्हंजे असंल... निम्मा असंल!"

"निम्मा?" व्याही म्हणाले.

मग त्यानं सगळं सांगितलं, चहापासून सिद्धेश्वरापर्यंत. सांगता सांगता त्याचे डोळे भरून आले. "तुज्या आजीची वस्तू घालवली मी," एवढंच शेवटी म्हणाला.

सारजाबाईनं कमरेचा बटवा सोडला. त्यातून एक रुपया काढला, काठ एका बाजूला गुळगुळीत झिजलेला. खिरीत बुडवून अभिमन्यूच्या हातात दिला. बाळानं मिटक्या मारल्या. व्याह्यांनी टाळ्या वाजवल्या.

"आई, मग तबकातला कुणाचा?" संस्कृतीनं विचारलं.

"मायाप्पाचा असंल, न्हायतर तुज्या आबांच्या डब्यातला. दिवाळीपास्नं हे भिंग घिऊन देवापाशी घुटमळायला लागले, तवाच मी माजा काडून ह्यांच्यातला एक ठिवला."

धोंडीरामला हायसं वाटलं. पण क्षणभरच. मग त्याच्यातला जाणकार खवळला.

"शक्यच न्हाय! असला सावलीचा रुपया माज्या डब्यात असता, तर मला दिसला नसता व्हय? चौदा वर्सं हेच करतोय मी! एकेक रुपया तपासलाय!"

सारजाबाई आत गेली. डब्यातली त्या रुपयाची रिकामी कागदी पुडी घेऊन आली आणि त्याच्या मांडीवर ठेवली. पुडीवर धोंडीरामच्याच ठळक अक्षरात लिहिलं होतं: "१८६२. भिंगाखाली तीनदा तपासला. खोट काही नाही."

त्यानं वर बघितलं. सारजाबाईनं पदर खोचला, खिरीचं पातेलं उचललं आणि ती पाहुण्यांना वाढायला निघून गेली.