गॅलरीतली शेगडी

शेखर भाजी घेऊन आला तेव्हा कुसाबाईंनी शेगडी नुकतीच गॅलरीत, कपड्यांच्या स्टँडमागे लपवली होती. बाळाला शेक-धुरी द्यायची नाही, असं त्याने मोबाइलवर वाचून आईला बजावलं होतं. पण दीड महिन्याच्या आरोहीला न्हाऊ घालून शेकायचं नाही, हे सिन्नरहून आलेल्या कुसाबाईंच्या गळी उतरेना. सून निकिता आंघोळीला गेली, लेक बाजारात. तेवढ्यात त्यांनी निखाऱ्यांवर ओवा टाकून काम उरकलं. शेखरचं नाक सर्दीने चोंदलेलं होतं, म्हणून वास तरी लपला.

त्याने आरोहीच्या कपाळाला हात लावला आणि त्याचा चेहरा उतरला. काखेत थर्मामीटर लावला. एकशे एक.

"तीन महिन्यांच्या आतलं बाळ तापलं तर घरी थांबायचं नसतं," तो म्हणाला. निकिता ओल्या केसांनी धावत आली आणि रडायलाच लागली.

कुसाबाईंची नजर गॅलरीकडे गेली. शेगडीनेच ताप चढला असेल का? सांगावं तर लेक सिन्नरच्या गाडीत बसवून देईल, न सांगावं तर पोरीचं काय होईल? घाबरून त्यांनी तिला दुपट्यात गुंडाळलं. निकिताने स्वेटर चढवला, वर शाल. शेखरने स्वतःचा मफलर लपेटला. जिन्यात पुन्हा ताप मोजला, एकशे एक पॉइंट सहा.

"वाढतोय," शेखर म्हणाला. रिक्षात तो आरोहीला धरून इतका ताठ बसला की, इंदिरानगरचा एकही गतिरोधक तिच्यापर्यंत पोचला नाही. सगळे त्याच्या पाठीने घेतले.

डॉक्टरीणबाई एकेक थर काढत गेल्या. आत आरोही घामेजलेली.

"एवढ्या लहान बाळाला ताप म्हणजे रक्त तपासावं लागेल."

नर्सने सुई काढली. कुसाबाईंनी पुढे होऊन तिचा हात धरला.

"थांबा, ताई. मीच शेकलं तिला. आत्ता, निघायच्या आधी. लय नाय, थोडाच ओवा टाकला. मला काय बोलायचं ते बोला, पोरीला टोचू नका."

डॉक्टरीणबाईंनी सुई थांबवली, आरोहीला नीट तपासलं आणि नुसत्या झबल्यात अर्धा तास निजवलं. मग थर्मामीटर लावला, अठ्ठ्याण्णव पॉइंट दोन. निकिता पुन्हा रडली.

"शेगडी बंद," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आणि हा मफलर कोणाचा?"

शेखरने मान खाली घातली.

"आणलंत ते बरोबर केलंत. पुन्हा अंग तापलं तर असंच लगेच या. फक्त एवढं गुंडाळून नको."

घरी येताच कुसाबाई पिशवी भरू लागल्या. "पाचची गाडी हाय," त्या म्हणाल्या. डोळे भरले होते.

शेखर दारात आला. कमरेवर हात, अर्धा वाकलेला.

"आई, पाठ धरलीय. ती शेगडी पेटवतेस का? गॅलरीतच. आरोहीला आत ठेवू, दार लावून."

कुसाबाईंनी लुगडं पिशवीतून परत काढलं आणि डोळे पुसले.

"आधी ओवा आणावा लागंल," त्या म्हणाल्या. "सकाळी सगळाच टाकला व्हता."