आबासाहेबांच्या चारी बाजू

वल्लरीचं भाषण पाच वाजता होतं. पावणेपाचला श्रीपादरावांनी फ्लेक्स उलगडला आणि ते मटकन खुर्चीत बसले.

देवासच्या मराठी मंडळाच्या हॉलला पडदे नाहीत. दिवसा प्रोजेक्टरवर काही दिसत नाही, म्हणून त्यांनी मुलीच्या पुण्यातल्या संशोधनातलं मुख्य चित्र मोठं छापायला दिलं होतं. मधे एक धूसर दीर्घिका, म्हणजे गॅलेक्सी, भोवती चार ठिपके. फ्लेक्सवर आता ठिपका एकच होता आणि दीर्घिकेच्या जागी फेटा बांधलेले प्रमुख पाहुणे उदाजीराव हसत होते.

त्यांनी फ्लेक्सवाल्याला फोन लावला. "गणपत, हे काय केलंस?"

"भिया, चारी ठिपके सेम टू सेम होते. गलतीने कॉपी झाले असतील, तीन साफ करून टाकले. अन् बीचमधे धब्बा पडला होता, तिथे मुख्य अतिथींचा फोटो लावून दिला. बिना फोटोचा फ्लेक्स शोभतो का?"

श्रीपादरावांनी फोन ठेवला. उदाजीरावांना सगळे आबासाहेब म्हणत. त्यांच्या नातीला, राजनंदिनीला, पुण्याला जाऊन विज्ञान शिकायचं होतं. आबासाहेब म्हणत होते, धारमध्ये बी.कॉम. कर. शेवटी ते एवढ्यावर आले होते की, वल्लरीचं भाषण ऐकतो, मला समजलं तर विचार करीन.

तेवढ्यात खस अत्तराचा वास आला. पाठोपाठ आबासाहेब आले, मागून त्यांच्या पत्नी माई आणि नात नंदिनी. फ्लेक्स पाहून ते खूश झाले.

"बाबा, राहू द्या," वल्लरी म्हणाली. "मी सांभाळते."

तिने आबासाहेबांना मंचाच्या मधोमध खुर्चीवर बसवलं. "आबासाहेब, आपण दीर्घिका. हा ठिपका क्वेसार, आपल्या फार मागे असलेला एक प्रखर दिवा. आपण वजनदार, त्यामुळे त्याचा प्रकाश आपल्या चारी बाजूंनी वळून पुढे येतो. दिवा एकच, पण आम्हाला चार दिसतात."

"वजनदार तर आहेतच," पहिल्या रांगेतून माई म्हणाल्या. आबासाहेबांनी ते मान म्हणून घेतलं.

"दीर्घिकेभोवती विरळ वायू असतो, आपल्याभोवती अत्तराचा वास आहे तसा. तो डोळ्यांना दिसत नाही, पण त्यातून येताना प्रकाशाचे काही रंग गळतात. नंदिनी, हे चार धुतलेले रुमाल घे. आबासाहेबांच्या चारी बाजूंनी एकेक हलवत आण आणि माईंना दे."

नंदिनीने चार फेऱ्या मारल्या. माईंनी रुमाल हुंगले.

"हा तर नाकात शिरला! हा बेताचा. हाही तसाच. ह्याला मात्र काही वास नाही बाई, तिकडे पंखा आहे ना."

"बस, हेच माझं काम," वल्लरी म्हणाली. "रुमाल एकसारखे, वाटा वेगळ्या. म्हणून जो फरक पडला तो वाटेवरचा. न दिसणारा वायू कुठे दाट, कुठे विरळ, ते असं कळतं."

हॉलमध्ये टाळ्या पडल्या. आबासाहेबांनी स्वतःची बाही हुंगून पाहिली आणि मान डोलावली. त्यांना समजलं होतं. श्रीपादरावांचा जीव भांड्यात पडला.

तेवढ्यात नंदिनीनेच हात वर केला. "ताई, इथे तर पंखा आहे. पण खऱ्याखुऱ्या गॅलेक्सीत एका साइडला गॅस कमी का असतो?"



"मला माहीत नाही," वल्लरी म्हणाली. "कोणालाच नीट माहीत नाही. म्हणूनच तर शोधतो आहोत."

श्रीपादरावांनी डोळे मिटले. एवढं शिकून पोरीने साठ माणसांसमोर हे सांगावं?

आबासाहेब खुर्चीवरून उठले.

"पन्नास वर्षं सभा ऐकतोय," ते म्हणाले. "पुढारी ऐकले, महाराज ऐकले, प्राध्यापक ऐकले. मंचावरून 'मला माहीत नाही' म्हणणारं माणूस आज पहिल्यांदा पाहिलं. नंदिनी, असं शिकवतात ना पुण्याला? मग जा. बी.कॉम. गेलं खड्ड्यात."

नंदिनीचा विश्वास बसेना. "सच्ची, आबासाहेब? पण ॲडमिशन मिळेल ना?"

आबासाहेबांनी माइक हातात घेतला, फेटा सारखा केला आणि छाती काढून म्हणाले, "मला माहीत नाही!"

मग टाळ्यांची वाट पाहत ते तसेच उभे राहिले.