खलकंठ सरदारांची आठ अक्षरांची मोहीम

सज्जनहो, कान इकडे करावे. हुजुरांची आज्ञा जाहली की, चित्रपटांतील महाबली वीरांचे पराक्रम तो अवघी पोरेसोरे जाणतात, परंतु त्या वीरांस दोरीस टांगून ज्यांनी लांबलचक भाषणे ऐकविली, त्या दुष्टांपायी कोण किती कष्टी जाहला, त्याचे साद्यंत वर्तमान लिहून ठेवावे. त्यावरून लिहिले असे. हुजूर कोण, ऐसे पुसाल, तर कोणी नाही. बखरनवीसाने स्वतःस आज्ञा केली आणि स्वतःच मुजरा करून ती शिरी धरिली. आणि बखरनवीस व या बखरीचे नायक एकाच चपलांत पाय घालितात, इतके सांगणे पुरे. फजितीचे लेखन परक्याचे हाती गेले म्हणजे त्यात तिखटमीठ फार पडते.

तर अखंडगर्जित, कंठभास्कर, सप्तसमुद्रकंपन, श्रीमंत खलकंठ सरदार. वय वर्षे एकावन्न, उंची बेताची, पोट बेताबाहेरचे, चाकरी डबिंगची. म्हणजे परमुलुखीचे वीरपट येत, त्यांतील दुष्टांचे ओठ पडद्यावर हलत, आणि सरदार काचेच्या खोलीत माइकापुढे उभे राहून त्या ओठांत आपली भाषा घालीत. बावीस वर्षे ही सेवा इमाने केली. चंद्राचे दोन तुकडे करू म्हणणारा, समुद्र पिऊन टाकू म्हणणारा, लोखंडी जबड्याचा, तीन डोळ्यांचा, कमरेखाली सरडा असलेला, ऐसे एकोणचाळीस दुष्ट सरदारांचे घशातून पार जाहले आणि एकोणचाळीसही मेले. हत्यार एकच, डरकाळी. ती ऐसी की, पहिल्या मजल्यावर सोडली असता खालच्या दवाखान्यात रक्तदाब मोजणारे डॉक्टर दुसऱ्यांदा मोजीत.

इतके असून दुष्ट एकही लोकांचे ध्यानात राहिला नाही. शेजाऱ्यांचे घरी वाढदिवसाचे प्रसंगी सरदारांनी बिनविचारता आपले सुप्रसिद्ध विकट हास्य केले, मग एका मुलीने पुढे होऊन पाण्याचा ग्लास दिला आणि पुसले की, काका, ठसका लागला का? ते शल्य सरदारांचे काळजात रुतले. राज्य नको, इनाम नको, परंतु आपला एक तरी दुष्ट कोणाचे तरी स्मरणी राहावा, इतकीच एक हाव उरली होती, आणि ती कोणाजवळ बोलायची लाज वाटत होती.

ऐशात चाळिसावा दुष्ट नेमून आला. हा निराळाच निघाला. पांढरे केस, राखाडी कोट, हाती शस्त्र नाही. जगात कोणी कोणाचे ऐकत नाही, नुसता गलका चालतो, सबब एका यंत्रे करून अवघ्या पृथ्वीचा आवाज बंद करावा, ही त्याची मसलत. वीरास पुलाखाली टांगून तो समोर खुर्ची घेऊन बसतो आणि बोलतो. सरदारांनी कानी हेडफोन चढविला, छाती भरून घेतली, कागदावरील आठ अक्षरे, ‘मृत्यूला सामोरा जा रे’, ऐसी सोडली की काच थरथरली. मग पडद्याकडे पाहतात तो दुष्टाचे ओठ जेमतेम हललेले. ओठ बोटभर उघडत आणि आवाज कोसभर जाई.

तेव्हां डबिंगच्या दिग्दर्शिका बाईसाहेब, वय सरदारांचे निम्मे, यांचे फर्मान काचेपलीकडून आले की, आवाज खाली आणावा. सरदारांनी आणला, तेणेकरून तो चोरटा वाटला. पुन्हा फर्मान की, थंड असावा. सरदारांनी थंड केला. तेणेकरून सर्दी जाहली ऐसे वाटले. सात हल्ले केले, सातही मारून काढले गेले. आठव्यास सरदारांनी घोगरा, कुजबुजता, दातांतून आणि नाकातून, ऐसे चारी मोर्चे एकदम लाविले, मग ध्वनिमुद्रक बटणराव, जे कोणाचेही दुःखात बिस्किट खाणे थांबवीत नसत, त्यांणीदेखील हातातील बिस्किट बशीत परत ठेविले आणि मान खाली घातली.

मग बाईसाहेब आत आल्या, आणि त्यांचे तोंडून जे निघाले ते फर्मान नव्हे, म्हणून जसेच्या तसे लिहितो.

“सर, राग मानू नका. जेवणाच्या सुट्टीपर्यंत बघू या. नाही जमलं, तर त्यांना घ्यावं लागेल.”

‘त्यांना’ म्हणजे बाहेरच्या बाकावर बसलेला नवा आवाज. वय अठ्ठावीस, गळ्यात मफलर, कोमट पाण्याची बाटली. सकाळपासून तो बसला होता आणि सरदार त्यास कुरियरवाला समजून दोन वेळा सही कुठे करू, ऐसे विचारून आले होते. आता सर्व उमगले. बाईसाहेब बाहेर गेल्या, सरदार काचेच्या खोलीत एकटे राहिले, आणि खरे सांगायचे तर डोळे भरून आले, ते त्यांणी कागदाने पुसले, म्हणून त्या पानावरची शाई पसरली आहे.

त्याच समयी खिशातील फोन थरथरला. माइकाचे खोलीत फोन नेणे हा त्या दौलतीत मोठा अपराध. परंतु फोन आत्यासाहेबांचा होता. आत्यासाहेब म्हणजे सरदारांस आठव्या वर्षापासून लहानाचे मोठे करणाऱ्या, शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका, वय एक्क्याऐंशी. त्यांचा फोन न घेण्याचे धैर्य चाळीस दुष्टांत मिळूनही नव्हते. कानी हेडफोन असल्याकारणे सरदारांनी फोन स्पीकरवर टाकून कागद ठेवायच्या घोडीवर ठेविला. आणि येथे चूक जाहली. बटणरावांची रीत ऐसी की, सुट्टीतही मुद्रण बंद करायचे नाही. मागे एका राक्षसाची अव्वल शिंक सुट्टीत निसटून गेली होती, पुन्हा तैसी कोणास आली नाही, तेव्हांपासून त्यांणी ती शपथच घेतली होती. सरदार बावीस वर्षे हे जाणत होते आणि त्या दिवशी विसरले. येणेप्रमाणे पुढील संभाषण कन्सोलवर, बाईसाहेबांचे समोर आणि बाहेरच्या बाकावरच्या स्पीकरातून मोठ्याने उमटले.

“कामात आहेस का रे राजा?”

“नाही, म्हणजे हो. बोल ना आत्या.”

“काही नाही. ती खिडकीची कडी. तू मागच्या रविवारी येणार होतास. त्याच्या मागच्याही.”

“अगं, विसरलोच. या रविवारी नक्की.”

“असू दे. मी दोरीने बांधलीय. वारा आला की उठून धरते.”

“आत्या, रागावलीस का?”

“मी कशाला रागावू? तुम्ही मोठी माणसं.” मग थोडे थांबून, आवाज न चढविता, “मी काही म्हणत नाही.”

आणि फोन ठेविला. सरदार पुरते गारद जाहले. वीज पडती, तोफ सुटती, तरी इतके जाहले नसते. पहावे तो काचेपलीकडे बाईसाहेब उभ्या, बटणराव उभे, दोघांचाही चेहरा पांढरा, आणि दाराशी नवा आवाज, कोमट पाण्याची बाटली छातीशी धरून, कारण नसता म्हणाला, “सॉरी.”

मग बाईसाहेब हळूच बोलल्या की, मला आता माझ्या आईला फोन करायचा आहे, परंतु आधी, सर, हाच. हाच आवाज. या कोण? यांना बोलावता येईल का?

तेव्हां सरदारांवर कोण प्रसंग गुदरला, ते जाणत्यांनी जाणावे. बावीस वर्षांची दौलत वाचवायची, तर मफलरवाल्यापासून नव्हे, सख्ख्या आत्यापासून वाचवायची! सरदारांनी हात जोडून एकच संधी मागितली. बाईसाहेबांनी दिली.

पडद्यावर पूल आला, वीर टांगलेला, दुष्ट खुर्चीवर. सरदारांनी छाती भरली नाही. डरकाळी आठविली नाही. एक्क्याऐंशी वर्षांची बाई वाऱ्यात उठून खिडकी धरते आहे, इतकेच डोळ्यांपुढे आणिले आणि गळ्यात जे दाटून आले ते तैसेच राहू दिले. आणि तेव्हां बावीस वर्षांत प्रथमच त्यांस समजले की, हा दुष्ट वीरावर चिडलेला नाही. हा वाट पाहून थकला आहे. मग कागदाकडे न पाहता, अगदी साध्या आवाजात, सरदार बोलले, “मी काही म्हणत नाही.”

अक्षरे आठास आठ भरली. दोन्ही वाक्ये ‘म’ने सुरू होत, सबब ओठ मिटला तेथे मिटला आणि उघडला तेथे उघडला. पडद्यावरचा वीर, जो मूळचाच घाबरण्याचे काम करीत होता, तो आता खराच घाबरलासा दिसू लागला. बटणरावांनी डोळे टिपले. भाषांतर करणाऱ्या गृहस्थांची फोनवरून परवानगी घेतली, आणि दुपारी एकच्या आत चाळिसावा दुष्ट सर झाला. सरदार जेवणास न थांबता पेचकस घेऊन निघाले आणि संध्याकाळी नव्हे, रविवारी नव्हे, त्याच दुपारी कडी बसविली. ती उलटी बसली, पुन्हा काढून बसविली.

दोन महिन्यांनी चित्रपट लागला. सरदार आत्यासाहेबांस घेऊन दुपारच्या खेळास गेले. आपण यात कोण, हे सांगितले नव्हते. दुष्ट बोलू लागला तैसे थिएटर निपचीत पडले. पुढच्या रांगेत कुरकुरीत काही खाणारा इसम चावता चावता थांबला. शेवटी दुष्ट आपल्याच यंत्राखाली मेला, दिवे लागले, लोक उठले. पडद्यावर नावे धावू लागली. त्यांत आवाजवाल्यांची नावे कधीच नसतात, हे सरदार जाणत होते, तरी शेवटापर्यंत बसले. पोरे दाराकडे जाताना वीराविषयी चकार शब्द बोलत नव्हती. ती त्या राखाडी कोटवाल्याची चाल चालून दाखवीत होती. सरदारांनी ते पाहिले आणि रुमालात नाक शिंकरले.

आत्यासाहेब चष्मा पुशीत बसल्या होत्या. म्हणाल्या, “तो म्हातारा काही चुकीचं बोलत नव्हता. कुणी ऐकूनच घेतलं नाही त्याचं. आणि तू कुठे होतास रे यात?”

“तो मीच होतो, आत्या.”

आत्यासाहेबांनी चष्मा डोळ्यांस लाविला, कोऱ्या पडद्याकडे पाहिले, मग सरदारांकडे पाहिले, आणि त्यांचा हात हाती घेतला.

“मग शेवटी मेलास, ते मला आवडलं नाही.”

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. आत्यासाहेबांचे हुकमावरून सदरहू दुष्टाचे मरण नामंजूर केले असून, तो हयात आहे, ऐसे लिहून ठेविले.