पिंपरीतलं पहिलं मौन

रविवारी रेव्हरंडांनी भर देवळात ठोकून दिलं, की निरनिराळ्या पंथांचे ख्रिस्ती लोक आपल्याकडे एकत्र बसून मौन प्रार्थना करतात, ती चळवळ त्यांच्या प्रवचनातून उगवली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली! अहो, चौपन्न साली हे सुरू झालं, तेव्हा यांची इकडे नेमणूकसुद्धा झाली नव्हती. सुरुवात केली मी, शांतवन गायकवाडने, माझ्या राहत्या घरात. आता इतिहास सांगायचाच तर मीच सांगतो.

माझी धाकटी बहीण मार्था एका कॅथलिक माणसाशी लग्न करून खडकीला गेली. आमची आई मिशनच्या देवळातली कडक बाई. तिने पोरीशी बोलणंच टाकलं. मार्थाला मुलगा झाला, तो रांगायला लागला, तरी आजीने त्याचं तोंड पाहिलेलं नव्हतं. दोघींना एका खोलीत आणावं तर हिचं स्तोत्र तिला चालेना आणि तिची माळ हिला बघवेना. मधल्या मध्ये माझी अडकित्त्यातली सुपारी झाली होती.

तेव्हा पुण्याच्या एका म्हाताऱ्या मडमेने मला सांगितलं, की विलायतेत लढाईच्या दिवसांत काही मंडळी नुसती गप्प बसून प्रार्थना करू लागली, त्यात पंथ आडवा येत नाही. मी तिथेच मांडीवर थाप मारली. शब्दच नाहीत तर भांडणार कशावर? मार्थाला विचारलं, तर म्हणाली, गप्प बसायला फादरची परवानगी कशाला लागते. आईने मात्र अट घातली.

"शेवटी थाळी वाजवायची. त्याच्या आधी जो तोंड उघडेल, त्याचा पंथ खोटा."

रविवारी दुपारी जमलो. औषधांच्या कारखान्यातला माझ्या खात्यातला एक मल्याळी सुतार आला, तो सीरियन पंथाचा. चिंचवडचे दोघे मेथडिस्ट आले. भांड्यांचा खडखडाट नको म्हणून मी चूलही पेटू दिली नाही. मार्थाला उशीर झाला, म्हणून तिच्याशिवाय सुरू केलं. आणि आमच्या मातोश्रींना झोप लागली! पांढरी चादर डोक्यावरून ओढून ती सतरंजीवर चक्क आडवी झाली. मी नुसते दातओठ खाल्ले.

तेवढ्यात शेजारच्या गवराबाई विरजण मागायला आल्या. दाराबाहेर चपला, आत माना खाली घातलेले पुरुष, चूल थंड आणि मधोमध पांढऱ्या चादरीखाली म्हातारी. त्यांनी तोंडाला पदर लावला.

"कवा झालं?"

प्रार्थना चालू आहे, हे सांगायला मी बोट वर केलं. संपलंच की मग सगळं!

दुःखाच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून शेजाऱ्यांनी भाकरी न्यायची, ही आमच्या गावची रीत. बघता बघता पिठलं-भाकरीची फडकी आली. बायका भिंतीकडेला बसून म्हातारीचे गुण आठवू लागल्या. माझी आई एका कानाने ठार बहिरी, आणि चांगला कान खाली दबलेला! गवराबाईंचा नवरा सोनबा हातातल्या काठीने आईची लांबी मोजू लागला. तुमच्यात पेटी लागते ना, असं त्याने मला विचारलं. सुताराला मराठीचा गंध नाही. सगळे रडताहेत म्हणून तोही हुंदके देऊ लागला. माझं डोकं इतकं तापलं होतं की त्यावर भाकरी फुगली असती. पण मी ओरडलो असतो तर आमचा पंथ खोटा ठरला असता, आणि मग आई मार्थाशी जन्मात बोलली नसती.

आणि मार्था आली. तिला कोपऱ्यावरच कुणीतरी सांगितलं होतं. पोराला काखोटीला मारून ती धावत आत शिरली आणि आईच्या अंगावर कोसळली.

"आई, एकदा तरी बोलायचं होतंस गं!"

पोराने चादर ओढली. आईने डोळे उघडले. गवराबाई किंचाळून मागे सरकल्या त्या थेट पिठल्यात बसल्या. आईने मार्थाकडे पाहिलं, पोराकडे पाहिलं. पोराने तिचं नाक धरलं.

"उन्हातून उघड्या डोक्याने आणलंस याला? टोपडं कुठंय?" आई म्हणाली.

इतका वेळ कोंडलेला माझा राग आता बाहेर पडला.

"आई, थाळी वाजली नव्हती. मार्था अजून बसलीसुद्धा नव्हती. नियम तू मोडलास!"

"मग असेल माझा पंथ खोटा," ती म्हणाली. "आण त्याला इकडे."

मग सगळ्यांनी मिळून उरलेलं पिठलं खाल्लं. सोनबा तेवढा जरा नाराज दिसला, खड्ड्यासाठी चांगली जागा हेरून आला होता बिचारा.

असा हा इतिहास. मंडळी अजून दर रविवारी जमते, पण माझ्या घरी नाही. तिथे मायलेकींची तोंडं एकदा सुरू झाली की देवालाही मध्ये बोलता यायचं नाही. आम्ही आपले सोनबाच्या गोठ्यात बसतो. परवा रेव्हरंडही आले, सगळ्यांच्या पुढे मांडी घालून बसले आणि डोळे मिटून एकदम निश्चल झाले. बाहेरून जाणारा एक वाटसरू थबकला आणि हळूच विचारू लागला, कोण गेलं म्हणून.

मौन होतं. मी मुकाट्याने रेव्हरंडांकडे बोट केलं.