दत्ताजी भाडेकरू बघायला जातात

चेन्नईच्या अण्णा नगरातल्या दत्ताजींच्या घराचा वरचा मजला तीन महिने रिकामा होता, कारण त्यांना एकही भाडेकरू पसंत पडत नव्हता. शेवटी फोनवर एक बरं कुटुंब सापडलं. पुरुषोत्तम आणि अर्चना, मूळचे सांगलीचे, सध्या तांबरमला भाड्यानं राहणारे. पुरुषोत्तमची नोकरी अण्णा नगरजवळच्या अंबत्तूरच्या कारखान्यात होती.

"शब्द देण्याआधी त्यांचं आत्ताचं घर बघून ये," मित्र अप्पाजींनी सल्ला दिला. "न कळवता जा आणि ओळख सांगू नको. सांगितली की लोक घर आवरून ठेवतात."

रविवारी सकाळी दत्ताजी तांबरमला पोचले. फाटकावर 'टु लेट'ची पाटी होती. ती वाचून होईपर्यंत व्हरांड्यातून घरमालकीण सईबाई बाहेर आल्या आणि त्यांनी तमिळमध्ये विचारलं, घर बघायला आलात का?

दत्ताजी घरच बघायला आले होते. त्यांनी मान हलवली.

"नाव?"

"राव," दत्ताजी म्हणाले. चेन्नईतल्या निम्म्या तंजावरी मराठ्यांना हे नाव चालतं.

"म्हणजे आपलेच," सईबाई मराठीवर आल्या. "बसा. घरी कोण कोण?"

"मी आणि बायको."

"पाहुणे?"

"आले तरी जेवणाआधी जातात."

"भिंतीला खिळे ठोकता?"

"आजवर एकही नाही."

"दारं आपटतात?"

"आमच्याकडे दारं नुसती लागतात."

सईबाईंचे डोळे चमकले. गेली पंधरा वर्षं दत्ताजी लोकांना हेच प्रश्न विचारत होते, त्यामुळे उत्तरं त्यांना तोंडपाठ होती. "वर जाऊन अस्की बघून घ्या," सईबाई म्हणाल्या. "सगळं, काही सोडू नका."

वर अर्चना एकटीच होती. पुरुषोत्तम रविवार असूनही कामावर गेला होता. दत्ताजींनी स्वयंपाकघर पाहिलं आणि ते जागच्या जागी थांबले. शेगडीचे पायसुद्धा लख्ख होते. भाडेकरू असावेत तर असे.

"काका, घर घ्याच," अर्चनानं कॉफी देत म्हटलं. "अकरा महिन्यांचा करार आहे, आमचे सहाच झालेत. दुसरा भाडेकरू मिळाल्याशिवाय सईबाई आम्हाला सोडणार नाहीत. आणि आलेल्या सातही जणांना त्यांनी परत पाठवलंय."

"नवे मालक थोडं थांबतील की."

"ते? फार खडूस आहेत हो. यांना फोनवर विचारलं, शिंका जोरात येतात का."

दत्ताजींनी कॉफीकडे पाहिलं. "काही कारण असेल."

"काय कारण असणार?"

"भिंती पातळ असतील."

एवढ्यात सईबाई जिना चढून आल्या. "राव, तुम्ही पास. बोला, घेता?"

बँकेतल्या बढतीच्या परीक्षेत दत्ताजी तीनदा नापास झाले होते. त्यांना इतक्या स्पष्ट शब्दांत कुणी पास केल्याला फार वर्षं झाली होती. शिवाय अडचण साधी होती. हे घर कुणी घेतलं नाही, तर ही शेगडी अण्णा नगरला येणार नव्हती. आणि सईबाईंच्या परीक्षेत पास होईल असा माणूस सबंध चेन्नईत त्यांना एकच माहीत होता.

"घेतलं," ते म्हणाले.

अर्चनाच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं वाकून नमस्कार केला.

घरी बायको सरोजाबाई वाट बघत होत्या. "कसे आहेत भाडेकरू?"

"उत्तम. एक तारखेला येताहेत."

"चला, सुटलो."

"फक्त त्यांची जागा कुणीतरी घ्यायला हवी होती," दत्ताजी बूट काढत हळूच म्हणाले. "ती आपण घेतली. एक तारखेपासून आपण तांबरमला."

तीन महिन्यांत नवऱ्यानं हाकललेली एकवीस कुटुंबं सरोजाबाईंच्या डोळ्यांसमोरून गेली असावीत.

"म्हणजे आता हा खालचा मजलासुद्धा भाड्यानं द्यायचा," त्या म्हणाल्या.

"हो. चांगली माणसं बघावी लागतील. पुढच्या रविवारी मी..."

"तुम्ही घरीच बसा," सरोजाबाई त्यांचे बूट उचलून ठेवत म्हणाल्या. "या खेपेला मी जाते."